शेतावर मोकळी सोडता ना?

शेतावरच्या जुन्या घरांत मी सुट्टीला राहायला जाते, तेही कुत्रीला घेऊन, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग काय, तिथे मोकळीच सोडत असाल ना?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लांबच लांब कुरण असतं आणि त्यात कान उडवत धावणारं कुत्रं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही, सोडत नाही. घराभोवती धड कुंपण असेल तर त्याच्या आत सोडते. मालकांनी स्वतःहून "त्या शेतात सोडा" म्हटलं तर तिथे. बाकी सगळीकडे माझी कुत्री, बिजली, दोरीवर असते.

एके काळी सोडायचे. बिजली तेव्हा दीड वर्षाची होती. जाड दगडी भिंतींचं घर, झिजून मधे खोलगट झालेले उंबरे, आणि मागच्या दारापासून सुरू होणारं मेंढ्यांचं कुरण. संध्याकाळी कुरणाचं फाटक नुसतं ओढलेलं होतं, कडी लागलेली नव्हती. मी बघितलं नाही. बिजली फटीतून आत गेली आणि कळपामागे लागली. तिनं एकाही मेंढीला तोंड लावलं नाही. ती फक्त पळवत राहिली, आणि सगळा कळप कुंपणाच्या कोपऱ्यात जाऊन एकमेकींवर चेंगरला. मी हाका मारत होते. घरी पहिल्या हाकेला येणारी ती, तिथे तिला मी ऐकूच येत नव्हते.

मालकीणबाई आल्या. मला काही बोलल्या नाहीत, कळपात शिरून एकेकीकडे बघत राहिल्या. मी म्हणाले, "चावली नाही हो ती कुणाला." त्या म्हणाल्या, "गाभण आहेत त्या." घरी परतल्यावर आठवड्यानं मी फोन केला. दोन मेंढ्या गाभडल्या होत्या. "तुमच्या कुत्रीमुळेच असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या, "पण कोपऱ्यात सगळ्यांत खाली त्याच दोघी होत्या."

मेंढीचं नुकसान व्हायला कुत्रा चावावा लागत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. कुत्रा खेळतोय की शिकार करतोय हे मेंढीला कळत नाही. ती जीव घेऊन पळते, आणि ती धडकी, दमछाक, चेंगराचेंगरी गर्भ पडायला पुरेशी असते. पुष्कळदा परिणाम त्याच दिवशी दिसतही नाही. तोवर पाहुणे सामान बांधून निघून गेलेले असतात. त्यांच्या आठवणीत ती सुट्टी छानच झालेली असते.

इंग्लंड-वेल्समधल्या एका कायद्याचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. २००० साली तिथे डोंगरमाळांवर लोकांना मुक्तपणे फिरायचा हक्क दिला, आणि त्याच कायद्यात लिहिलं की या जागांवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या दोरीवरच हवा, कारण तेव्हा पक्ष्यांची घरटी जमिनीवर असतात. गुरंमेंढरं जवळ असतील तर बारा महिने दोरी. माणसाला हक्क देताना ज्यांना बोलता येत नाही त्यांचाही विचार केला, याचं कौतुक.

गाईंची गोष्ट निराळी. तिथे धोका उलट्या दिशेनंही येतो. वासरं सोबत असलेल्या गाई कुत्र्याच्या अंगावर धावून येतात, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही असता. अशा वेळी दोरी सोडून द्यायची. एवढ्या एकाच प्रसंगी. कुत्रं पळून जाऊ शकतं, आपण नाही. कुत्र्याला वाचवायला म्हणून उचलून छातीशी धरणं सगळ्यांत वाईट.

पण गाईंच्या बाबतीत खरी काळजी आहे ती विष्ठेची, आणि ती फार थोड्या लोकांना ठाऊक असते. निओस्पोरा नावाचा एक परजीवी आहे. १९८८ साली त्याला हे नाव मिळालं आणि दहा वर्षांनी, १९९८ मध्ये, तो कुत्र्यांच्या विष्ठेतून बाहेर पडतो हे सिद्ध झालं. ती विष्ठा चाऱ्यात मिसळली की गाय गाभडू शकते, आणि लागण झालेली गाय तो पुढे आपल्या वासरांनाही देते. कुत्र्याला तो होतो कच्चं मांस किंवा व्यालेल्या गाईची गोठ्यात पडलेली वार खाल्ल्यानं. म्हणजे "शेतात काय, खतच होईल" म्हणून जी घाण आपण सोडून येतो, ती कुणाच्या तरी गोठ्यात शिरू शकते. वैरणीच्या गंजीवर उड्या मारणाऱ्या कुत्र्याचा फोटो बघितला की माझ्या पोटात गोळा येतो. पिशवी खिशात हवीच, आणि कोठाराचं दार उघडं दिसलं तरी बिजलीला घेऊन मी आत जात नाही.

कोठारात न जाण्याचं दुसरं कारण बिजलीच्या जिवाशी आहे. धान्य तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे औषध. उंदरांची बरीच औषधं रक्त गोठू न देणारी असतात. कुत्र्यानं ते किंवा ते खाल्लेला उंदीर खाल्ला, तर पहिले दोन-तीन दिवस काहीच दिसत नाही. शरीरात आधीच तयार असलेले रक्त गोठवणारे घटक संपेपर्यंत सगळं ठीक चालतं. मग कुत्रं मलूल होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, धाप लागते. तेव्हा तुम्ही घरी पोचलेले असता आणि डॉक्टरांना शेताचा विषयही काढत नाही. वेळेत कळलं तर के जीवनसत्त्वाचे उपचार आहेत, ते काही आठवडे चालतात. म्हणून पोचल्या पोचल्या मी मालकांना विचारते की औषध कुठे ठेवलंय. कुणी आजवर वाईट वाटून घेतलेलं नाही.

घोड्यांच्या लिदीबद्दलही विचारते. घोड्याला नुकतंच आयव्हरमेक्टिनसारखं जंताचं औषध दिलेलं असेल, तर ते लिदीतून बाहेर पडतं, आणि कुत्र्यांना लिदी आवडते. बिजली मेंढपाळ जातीच्या मिश्रणातली. कोली आणि तिच्या नात्यातल्या जातींत एक जनुकीय दोष आढळतो, तो २००१ साली उजेडात आला. ज्यांच्यात तो असतो त्यांच्या मेंदूत हे औषध अडवलं न जाता शिरतं. थोडंसंही महागात पडू शकतं.

आता घराबद्दल. शेकडो पावसाळे पाहिलेलं घर कुत्र्याला आपल्यापेक्षा फार मोठं वाटत असावं. तुळया रात्री कुरकुरतात, भिंतीत उंदीर सरकतात, माळ्यावर काहीतरी फडफडतं. आपण दिवा मालवला की संपतं, तिची मात्र रात्र सुरू होते. पहिल्या मुक्कामात बिजली पहाटेपर्यंत बसून होती. आता मी तिचं न धुतलेलं अंथरूण नेते, पोचल्यावर दोरीनं खोल्याखोल्यांतून सावकाश फिरवते, आणि पहिल्या दिवशी घरात एकटी ठेवत नाही. दारांना जुन्या खिट्ट्या असतात, नाकानं ढकलली की उघडतात, ते तपासते. खिडकीच्या जुन्या चौकटी तिला चघळू देत नाही. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं. अमेरिकेत घरांसाठी त्यावर बंदी आली तीसुद्धा १९७८ साली. आणि हो, गवतातून आल्यावर रोज कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघायची. लगेच काढली तर बराचसा धोका टळतो.

एवढं सगळं ऐकून विचारतात, "मग कुत्रीला काय मजा?" हा प्रश्न मला पहिल्यापेक्षा जास्त आवडतो. मजा नाकाची. एका दगडी हौदापाशी बिजली वीस मिनिटं थांबते. तिथे घोडा पाणी प्यालेला असतो, रात्री कोल्हा येऊन गेलेला असतो, कोंबडी फिरलेली असते, आणि ती ते सगळं हुंगून घेते. मी ओढत नाही. २०१९ साली शार्लट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही कुत्र्यांनी दोन आठवडे वास शोधायचा सराव केला, काहींनी मालकाच्या पायाशी चालण्याचा. नंतर खाऊ आहे की नाही हे नक्की नसलेल्या वाडग्याकडे वास शोधणारी कुत्री आधीपेक्षा लवकर जायला लागली. म्हणजे ती जास्त आशावादी झाली होती. हुंगायला वेग लागत नाही. दहा मीटरची दोरी छातीच्या पट्ट्याला लावली, गळ्याच्या नाही, की पुरते.

त्या पहिल्या शेतावर आम्ही तीन वर्षांनी पुन्हा गेलो. मीच फोन करून विचारलं होतं, येऊ का. मालकीणबाई क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "कोकरं दूध सोडतील तेव्हा या." गेलो. फाटकाची कडी मी दोनदा ओढून बघितली. संध्याकाळी कुंपणाच्या अलीकडून आम्ही चाललो, दोरी मुठीत आखूड धरलेली, मालकीणबाई दोन पावलं पुढे. बिजलीनं मेंढ्यांकडे बघितलं, मग खाली नाक घातलं. मेंढ्यांनी एकदा माना वर केल्या आणि पुन्हा चरायला लागल्या.