गेलो मॉरिशसला, भेटला सुरसागर

समुद्र मला दोन दिवस पुरतो. तिसऱ्या दिवशी तोही तोच असतो आणि मीही तीच. वाळू तेवढी सुटकेसमधल्या ठेपल्यांच्या डब्यापर्यंत पोचलेली असते.

माझ्या निवृत्तीनिमित्त मुलाने आम्हा दोघांना मॉरिशसच्या सहा रात्री भेट दिल्या. पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आँ-फ्लाकला रिसॉर्ट. आजूबाजूला सगळी नवी जोडपी, हातात रंगीत सरबतं, आणि मधोमध आम्ही बडोद्याच्या दांडियाबाजारचे दोघं, आराम कसा करायचा ते न कळल्यासारखे बसलेले. पहिले दोन दिवस मी लिहीत नाही. ह्यांची पाठ उन्हाने सोलवटली आणि मला 'ॲक्वा एरोबिक्स' नावाच्या प्रकाराला बळेच उतरवलं, एवढं पुरे.

तिसऱ्या दिवशी टॅक्सी केली. रिसॉर्टवाले त्याच फेरीचे जवळपास दुप्पट मागत होते. आम्ही बाहेर पडून नाक्यावर ठरवली. बडोदेकरांना हे शिकवावं लागत नाही.

आधी शामारेलची सात रंगांची माती. ज्वालामुखीचा बेसॉल्ट झिजून त्याची माती झाली, लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी तिला लाल, तपकिरी, जांभळे पट्टे आले. हे ऐकायला फार सुंदर आहे. प्रत्यक्षात तिकीट काढून कुंपणाबाहेरून एक वावर बघायचं. ह्यांनी रंग मोजले, पाच भरले. शेजारच्या पिंजऱ्यातली अवाढव्य कासवं मला जास्त आवडली. त्यांनाही ऊन नको होतं.

दुपारी रस्त्याकडेच्या गाडीवर दोल पुरी खाल्ली. पुरणपोळीतून गूळ काढून घ्यावा, हळद-जिरं-मीठ घालावं आणि पोळी रुमालासारखी पातळ करावी, तशी. दोनच्या जोडीने देतात, आत पांढऱ्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोची चटणी आणि डोळ्यांत पाणी आणणारी मिरची. "वर शेव आणि तरी असती तर आपली सेव-उसळच ने!" हे म्हणाले. आणखी दोन जोड्या घेतल्या. रिसॉर्टचं रात्रीचं जेवण आधीच भरलेलं होतं, ते वाया गेलं.

मग गंगा तलाव. निजलेल्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं तळं, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. वर चढलो तसं धुकं आलं, भुरभुर पाऊस सुरू झाला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. १९७२ साली गंगेचं पाणी आणून यात ओतलं. महाशिवरात्रीला बेटभरातून माणसं कावडी घेऊन इथे चालत येतात. हे सगळं ड्रायव्हर सांगत होता. माझं लक्ष नव्हतं, कारण धुक्यातून एक त्रिशूळ दिसला, मग जटा, मग खांदा.

"अहो," मी म्हटलं, "हा आपला सुरसागरचा."

खरंच तोच. इथला १०८ फुटांचा मंगल महादेव हा आमच्या सुरसागर तलावातल्या १११ फुटी महादेवावरून घडवलेला. तोच उभा राहण्याचा डौल, तोच चेहरा. ज्याला रोज भाजी आणताना, रिक्षातून, धूळ खात, कधी हात जोडून आणि बहुतेकदा न जोडता मी बघते, तो इथे माकडांच्या आणि फ्रेंच पर्यटकांच्या घोळक्यात उभा. हे वैतागले. "एवढे पैसे घालून शेवटी सुरसागरलाच आलो!" मीही त्यांना चार शब्द सुनावले, चांगले मोठ्याने.

ड्रायव्हर वळला. "तुम्ही मराठी? माझी आजी मराठी. कास्काव्हेलला. चला."

कास्काव्हेल फ्लिक-आँ-फ्लाकपासून अगदी जवळ. दोन दिवस आम्ही त्याच्या कुशीत झोपून समुद्र बघत होतो. आजूबाजूला उसाची शेतं, घरं सगळी काँक्रीटची, कारण चक्रीवादळं. दारात तुळस. आजी नव्वदीच्या आतबाहेर, फ्रॉकवर स्वेटर, गळ्यात काळी पोत. ती क्रिओल बोलायची, नातू हिंदीत सांगायचा. मराठी तिला सुट्या सुट्या शब्दांत येत होती, "बस", "पाणी", "जेवली?" पण गणपतीची आरती मात्र न अडखळता, शेवटपर्यंत. गणेश चतुर्थीची तिथे सरकारी सुट्टी असते. "आणि झाकरी," ती म्हणाली आणि बसल्या बसल्या पाय आपटून दाखवला. कोकणातली जाखडी ती. मी टीव्हीवर एकदा पाहिलेली.

मग तिने प्लास्टिकच्या फाइलमधून कागद काढला. मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत भारतातून आणलेल्या मजुरांच्या जुन्या नोंदवह्या आहेत, तिथून नातवाने त्यांच्या पूर्वजाचा उतारा आणलेला. नंबर, जहाज, वय, उंची, अंगावरची खूण. फोटो नव्हता, फोटो १८६०च्या दशकात सुरू झाले आणि हा त्याआधीचा. नाव एकच, तेच पुढे घराण्याचं आडनाव झालं. जिल्हा रत्नागिरी. आणि त्यापुढे गाव, कुणा कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं.

आजीने बोट त्या शब्दावर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. नातवाला सांगायची गरज पडली नाही.

मला ते वाचता आलं नाही. खरं सांगते, मी रत्नागिरीला कधी गेलेलीच नाही. आमच्या घराण्याला बडोद्यात दोनशे वर्षं झाली म्हणून आम्ही मिरवतो. पुण्याचे नातेवाईक आमच्या "करून टाकते, चाललं जाईल"ला हसतात, तेव्हा आम्ही गायकवाड सरकारची गादी पुढे करतो. आजीने विचारलं, "तुझं गाव?" मी म्हटलं, "बडोदा." तिने मान हलवली. त्याच्या आधीचं. "सातारकडचे," मी म्हटलं आणि तिथेच संपलं. सयाजीराव महाराजसुद्धा कवळाण्याहून दत्तक आले होते, त्यांना विचारलं असतं तर निदान गाव तरी सांगता आलं असतं.

आजीने कागद परत घडी घातला. रागावली नाही. वाटीत काकडीची कोशिंबीर दिली, दाण्याचं कूट घातलेली.

दुसऱ्या दिवशी पोर्ट लुईला आप्रवासी घाट पाहिला. १८३४ पासून पुढे साडेचार लाखांहून जास्त मजूर मॉरिशसला आले, बरेचसे याच घाटावर उतरले. आता उरलंय थोडंसंच. काळ्या दगडाच्या पायऱ्या, पलीकडे रहदारीचा रस्ता. मी त्या पायऱ्यांशी बराच वेळ उभी होते, हे बाहेर नारळपाणी पीत होते. बाजार, बाग, बागेतली परातीएवढी कमळाची पानं, सगळं त्यानंतर झालं. काही आठवत नाही.

कागदाचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, तर चार जणांनी चार गावं सांगितली आणि एकाने सुप्रभात. ह्यांनी मात्र साताऱ्याच्या चुलतभावाला तीस वर्षांनी फोन केला, आपलं घर नक्की कुठल्या गावात होतं ते विचारायला. तो म्हणाला, बघून सांगतो.

रत्नागिरीकडचं कुणी हे वाचत असेल तर सांगते. पहिलं अक्षर क किंवा ख, मध्ये काहीतरी ड-र सारखं, शेवटी 'वली'. तिकडे 'वली'वाली गावं पुष्कळ आहेत, हे मला आता कळलंय. आजी नव्वदीची आहे, म्हणून घाई.