एचची रेघ घसरली ती रात्र

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत काम करतो म्हटलं की हमखास विचारणा होते, "मग यंदा पाऊस कसा?" पावसातलं आम्हाला काही कळत नाही. आम्ही पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजतो, आणि ते बहुतेक दिवस इतकं शहाण्यासारखं वागतं की घरी सांगण्याजोगं काही नसतं.

१० मे २०२४ ला होतं. सूर्यावर पृथ्वीच्या पंधरा-सोळापट रुंद असा डागांचा पुंजका आला होता. त्यातून प्लाझ्माचे, म्हणजे विद्युतभारित तप्त वायूचे, लोट एकामागोमाग सुटले होते आणि मागचे पुढच्यांना गाठत होते. इशारे आले होते, पण इशारे बरेचदा फुसके निघतात. लोटातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल तरच खरा धिंगाणा होतो. ते खात्रीनं कळतं पंधरा लाख किलोमीटरवरच्या यानांना, म्हणजे धडकेच्या जेमतेम अर्धा-पाऊण तास आधी.

अक्षय्य तृतीयेचा आमरस अंगावर आला होता. रात्री साडेदहाच्या सुमारास स्क्रीनवर एचची, म्हणजे क्षेत्राच्या आडव्या घटकाची, रेघ एकदम ताठ वर गेली. धडक बसली होती. नंतर ती उतरायला लागली आणि उतरतच राहिली. पृथ्वीभोवतीचा वलयप्रवाह, म्हणजे तिच्याभोवती फिरणाऱ्या भारित कणांचा विद्युत्प्रवाह, बळावला की आपल्या अक्षांशावर एच घटतो. रेघ आलेखाच्या चौकटीबाहेर जायला लागली, तशी मी खालची मर्यादा वाढवली. थोड्या वेळानं पुन्हा वाढवावी लागली.

एवढ्यात नात्यातल्या ग्रुपवर तो जुनाच मेसेज फिरून आला: वैश्विक किरण येणार आहेत, रात्री मोबाईल उशाशी ठेवू नका. काकांना लिहिलं, मोबाईलला काही होत नाही. भीती आहे ती शेकडो किलोमीटर लांबीच्या वीजवाहिन्यांना, उपग्रहांना आणि जीपीएसला. १९८९ च्या मार्चमधल्या अशाच चुंबकीय वादळात कॅनडातला क्वेबेक प्रांत नऊ तास अंधारात होता. काकांनी अंगठा पाठवला. मोबाईल बंद केला असणारच.

मिशिगनच्या मामेबहिणीनं अंगणातून काढलेले गुलाबी-हिरव्या आकाशाचे फोटो धाडले. लडाखमध्ये हानलेच्या कॅमेऱ्यांनीही तांबूस उजेड टिपला. अलिबागला नुसता उकाडा.

सकाळी आठच्या आसपास वादळानं तळ गाठला. जगभरच्या वेधशाळांवरून काढतात तो डीएसटी, म्हणजे वादळाचा जोर सांगणारा निर्देशांक, उणे ४०० नॅनोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) खाली गेला होता. आमचीच आधीची वेधशाळा कुलाब्याला होती. तिथे २ सप्टेंबर १८५९ ला सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदली गेली. वादळ दिसताच तिथल्या लोकांनी तासातासाचे वेध काही मिनिटांवर आणले होते, तेही डोळ्यांनी वाचून. मला तर नुसतं स्क्रीनसमोर बसायचं होतं.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहानं वेध बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये बिऱ्हाड अलिबागला हललं. वादळाच्या त्या शनिवारी किल्ल्या, पट्टा, मोबाईल बाहेर ठेवून मी तिथल्या वेधगृहात शिरलो. चुंबकीय संवेदक बसवलेली दुर्बीण हळूहळू फिरवत त्याचा आकडा शून्यावर आणायचा आणि कोन लिहायचा, एवढंच काम. पण शून्य लागला म्हणून पेन उचलावं, तर तोवर आकडा पुढे सरकलेला. चार वेळा तेच झालं. साहेब दारातूनच म्हणाले, "आज ते धरून ठेवणार नाहीस तू. सोमवारी बघू."