खो-खोच्या मैदानावर मिळालेली माणसं

मुलांना खेळायला पाठवा म्हटलं की लोक आधी विचारतात, पुढे स्कोप काय? दहावीला वाढीव गुण मिळतात का, सरकारी नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण असतं त्यात बसेल का... ही चौकशी चुकीची नाहीच, हातावर पोट असलेल्या घराला ती करावीच लागते. पण माझी लेक खो-खो खेळायला लागल्यापासून मला मनापासून वाटतं की खरी कमाई मैदानावरच होते, आणि ती म्हणजे माणसं.

खो-खो शाळेत सगळ्यांनी खेळलाय, पण आता पालक म्हणून एकदा नीट बघा. आठजणी ओळीनं बसलेल्या, एकीचं तोंड इकडं तर शेजारचीचं तिकडं, आणि नववी पळणार. जिला पकडायचंय ती कशीही वळू शकते, ओळीतनं आरपार जाऊ शकते, पण पाठलाग करणारीला मधली रेषा ओलांडता येत नाही की एकदा दिशा धरली की मागं फिरता येत नाही. म्हणजे तुम्ही कितीही जोरात पळा, बसलेल्या कुणाच्यातरी पाठीवर हात ठेवून खो दिल्याशिवाय पुढं काही होत नाही. एकटीच्या जिवावर हा खेळ जिंकताच येत नाही, मला तो एवढा आवडतो तो यासाठीच.

लेकीच्या टीममध्ये एक मुलगी आली, विजापूरकडची, वडील इथं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतात. घरात कन्नड, मराठी सगळं कळायचं पण बोलायला लाजायची. पळायला एकदम चपळ, पण खो इतका हळू द्यायची की कुणाला ऐकूच यायचा नाही, आणि पंचांना ऐकू आला नाही तर फाऊल. सर तिच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी माझ्या लेकीला चौकोनात बसवलं आणि सांगितलं, खो ऐकू आल्याशिवाय उठायचं नाही. पाठीवर हात पडायचा आणि ही तशीच बसून, मागं न बघता, "मोठ्यानं दे गं, अजून मोठ्यानं" म्हणायची. बरेच दिवस हेच चाललं. मग एकदा तो खो पार कुंपणापर्यंत आला, जिथं आम्ही आया उभ्या असतो, आणि लेक ताडकन उठून पळाली आणि समोरची पोरगी खांबाजवळ बाद! सगळ्या पोरी तिच्या गळ्यात पडल्या. आता दोघींची एवढी गट्टी आहे की लेक घरात मलाच "ऊटा आयता?" (कन्नडमध्ये, जेवण झालं का?) विचारत फिरते.

आणि हे आमचंही झालंय. कुंपणापाशी रोज उभं राहून तिची आई आणि मी बोलायला लागलो, आधी पोरींच्या खरचटलेल्या गुडघ्यांवर, मग भाडं, सासर, सगळंच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला तेव्हा ती मंडळी फायनल बघायला आमच्याकडं आली, येताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० नं हरवलं, कॅप्टन प्रियंका इंगळे महाराष्ट्राचीच, आणि पुरुषांचा कॅप्टन प्रतीक वाईकरही आपलाच, त्यांनीही कप आणला. त्या रात्री दोन्ही पोरी झोपायलाच तयार नव्हत्या.

एकच गोष्ट बघवत नाही, मॅचला रेषेबाहेरनं स्वतःच्या पोरीवर ओरडणारे पालक. "तूच पकड, तिला खो देऊ नको!" असं मी स्वतः ऐकलंय. अहो, ती जिला खो देणार नाही ती उद्या हिला कशाला देईल? पोरी वर्षभर एकमेकींवर जो भरवसा टाकायला शिकतात तो तुम्ही दोन मिनिटांत मोडताय, प्लीज असं करू नका.

रविवारी मिरजेत मॅच आहे. आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं जाणार, भाकरी तिच्याकडनं, पिठलं आणि ताक माझ्याकडनं. मिरजेतल्या कुणाची पोरगी खेळत असेल तर येऊन भेटा, डबा जास्तीचाच असतो.