पोटदुखी, तिसरी ब

कर्वेनगरातल्या एका शाळेत मी काउन्सेलर आहे. जून-जुलैत पोटदुखीची रांगच लागते, त्यामुळे तिसरीतला हा मुलगा आला तेव्हा विशेष काही वाटलं नाही. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, रविवारी पोट ठणठणीत. वर्गशिक्षिकेचं निदान तयारच होतं, नाटकं. (भीतीने पोट खरंच दुखतं हो, स्टाफरूममध्ये किती वेळा सांगायचं!)

त्याची आजी शाळा सुटेपर्यंत गेटबाहेर बसायची आणि हा दर सुट्टीत येऊन बघून जायचा. घरच्यांना वाटायचं हाच उपाय. पण सारखा धीर दिला की भीती आपली आपणही ओसरते हे पोराला कळायची वेळच येत नाही. म्हणून पायऱ्या आखल्या. आजी आधी गेटपाशी, मग समोरच्या रसवंतीत, मग बसस्टॉपवर, शेवटी घरी. प्रत्येक पायरीला भीती १० पैकी किती हे त्यानेच सांगायचं, आकडा निम्म्यावर आल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, घाई करायची नाही, आणि पालकांना नेमकी घाईच असते. मॅनेजमेंटला या सगळ्या गप्पा वाटतात ते वेगळंच.

स्टॉपपर्यंत मस्त गेलं. 'घरी' म्हटल्यावर आकडा थेट ९.

"मी इथे असताना आजीला काही झालं तर? आजोबा गेले तेव्हा मी शाळेतच होतो."

आजोबा गेलेत हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! त्यालाही आधी गावाला गेलेत म्हणून सांगितलेलं, खरं त्याला बिल्डिंगमधल्या पोरांकडून कळलं.

मग आजींना बोलावलं. म्हणाल्या, "घरी एकटी असले की छाती धडधडते गं, हातपाय गार पडतात. इथे चार माणसं तरी दिसतात." ईसीजी वगैरे झालाय, हृदय ठीक आहे. मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढलं तर "मला काय वेड लागलंय?" टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून दिलाय, मराठीत बोलतात, फुकट आहे, पण तो चिठोरा पर्समध्येच असणार.

आता पोरगं रोज येतं, डबा खातं, सुट्टीत गेटकडे फिरकत नाही. हजेरी सुधारली, फाईल बंद करा, असं वरून सांगणं आहे. आजी अजून स्टॉपवरच बसतात. आणि मुलाची आई म्हणते, मॅडम, त्याला सांगून टाका ना आजी घरी गेली म्हणून, तेवढीच शेवटची पायरी होईल. मी नाही म्हटलं. गावाला गेलेत हे एकदा ऐकलंय त्याने.