तुम्ही विचारलंत म्हणून : ‘बघू’ या एका शब्दाबद्दल

‘तुम्ही आता इतक्या पटकन निर्णय कसे घेता?’ हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय, की एकदाचं लिहूनच टाकते. आमचा छपाईचा व्यवसाय विचारणाऱ्यांना ठाऊक आहे, मधली पडझडही ठाऊक आहे. धाडस कुठून आलं, असं त्यांना विचारायचं असतं. धाडस कुठूनही आलेलं नाही.

मी निर्णयाला घाबरते, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मला राग आला असता. मी स्वतःला विचारी समजत होते. घाईत हात पोळलेली माणसं पाहिली होती, त्यामुळे थांबणं म्हणजे शहाणपण, हे मनात पक्कं होतं.

माझ्याबरोबर अकरा वर्षं काम केलेला एक सहकारी होता. यंत्र बिघडायच्या आधी त्याला आवाजावरून कळायचं. रंग जुळवताना तो छापलेला कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरायचा, आणि तो मान हलवेपर्यंत आम्ही पुढचा कागद घालत नसू. त्याने एक दिवस भागीदारी मागितली. तोंडी नाही, नीट लिहून आणलं होतं. मी वाचलं आणि म्हटलं, ‘‘बघू.’’

वहीत दोन रकाने आखले, एकीकडे फायदे, दुसरीकडे तोटे. ही रीत जुनी आहे. अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनने 1772 साली शास्त्रज्ञ मित्र जोसेफ प्रीस्टली यांना पत्रातून हीच सुचवली होती. मी फक्त रकाने उचलले. पत्रात पुढे काय आहे ते फार उशिरा वाचलं.

त्याने दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा मी मनापासून सांगितलं, ‘‘विचार चालू आहे.’’ मग त्याने विचारणं सोडलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण खरं आहे. तो गप्प झाला म्हणजे त्याची घाई संपली, असं मी धरून चालले. चौदा महिने मी ते घोंगडं भिजत ठेवलं.

एका संध्याकाळी काम आटोपल्यावर तो टेबलापाशी आला आणि किल्ल्यांचा जुडगा ठेवला. मग एकेक किल्ली वेगळी करून दाखवायला लागला. ही मागच्या दाराची, ही शाईच्या खोलीची. ‘‘कपाटाची अडकते, जरा वर उचलून फिरवा.’’ मी म्हटलं, ‘‘अरे, मी नाही कुठे म्हटलं?’’

‘‘नाही म्हणाला असतात तर बरं झालं असतं, ताई. मी आठ दिवसांत सावरलो असतो.’’

आवाज चढला नव्हता. त्याने दोन चांगली कामं माझ्या उत्तराच्या भरवशावर नाकारली होती, हे मला तेव्हा कळलं. ‘सांगायचं नाहीस का?’ हे शब्द ओठांवर आले होते. मी ते गिळले, एवढंच त्या संध्याकाळी मला जमलं.

रात्री वही उघडली. शेवटचे नऊ महिने दोन्ही रकान्यांत एकही नवी ओळ नव्हती. फ्रँकलिन लिहितो की तीन-चार दिवस सुचेल ते टिपावं, वजनं ताडून पाहावीत, आणखी एक-दोन दिवसांत महत्त्वाचं नवं काही सुचलं नाही तर ठरवून मोकळं व्हावं. मी नऊ महिने काहीच विचार करत नव्हते. विचार चालू असल्याची समजूत तेवढी चालू होती.

तरी माझीही बाजू आहे. भागीदारी म्हणजे साधी गोष्ट नाही. वकिलाचा, हिशेबनिसाचा सल्ला घेण्यात गेलेले पहिले दोन महिने मी आजही चुकीचे मानत नाही. उरलेल्या बारांचं समर्थन मात्र होत नाही. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली मांडलं, की मिळण्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावण्याचं दुःख माणसाला जास्त लागतं. माझा हिस्सा कमी होईल, ही टोचणी मला रोज होती. तो निघून जाईल, हे मी तोट्यांच्या रकान्यात लिहिलंच नव्हतं.

आता मी तारीख देते, आणि तीही समोरच्याला सांगून. काय नवं कळलं तर माझं मत फिरेल, हे आधी लिहिते. काहीच सुचलं नाही, तर तारखेपर्यंतही थांबत नाही. मोडता येण्यासारखा निर्णय असेल तर हर्बर्ट सायमनचं ऐकते. सर्वोत्तम शोधत बसू नये, पुरेसं चांगलं म्हणजे काय ते ठरवावं आणि तसं सापडलं की थांबावं, असा त्याच्या म्हणण्याचा अर्थ मी लावलाय. 1978 साली त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण याच रीतीने मी एक बांधणीयंत्र आठवड्यात घेतलं आणि ते धूळ खात पडलं. शेवटी तोट्यात विकलं. पूर्वीची मी तेव्हा माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, ‘थांबली असतीस तर?’ तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. ती दर वेळी चूक नसते.

गेल्या महिन्यात आमच्याकडे काम करणाऱ्या एका मुलीने अर्धवेळ काम मागितलं. मी शुक्रवार सांगितला आणि शुक्रवारी ‘नाही’ म्हटलं, कारणासकट. तिचा चेहरा पडला. सोमवारी ती वेळेवर आली. माझ्याशी अजून नीट बोलत नाही.