नव्वद अधिक पंचेचाळीस

दाराबद्दल बोलताना माणसं उघडण्याचंच बोलतात. किती उघडतं, कुठवर जातं, शेजारच्या कशाला लागतं का. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार मात्र बहुतेक वेळ मिटलेलंच असतं, आणि उघडलंच तर कुणीतरी भरल्या हातांनी ते कोपरानं ढकलून पुन्हा मिटवायच्या घाईत असतं. म्हणून बिजागरी निवडताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की मिटल्यावर हे दार नक्की कुठे बसणार आहे? सरळ रांगेतल्या कपाटांना हा प्रश्न पडत नाही. तिथलं उत्तर जन्मापासून ठरलेलं असतं: बाजूच्या फळीशी काटकोनात. कोपऱ्यात तिरक्या तोंडाचं कपाट करायचं ठरलं, की तोवर गप्प बसलेला हा काटकोन भांडायला उठतो.

कोपऱ्याचं दुखणं तसं जुनंच. दोन ओटे जिथे भेटतात तिथे आत जागा भरपूर आणि तोंड चिंचोळं. त्यावर लोकांनी तीन तोडगे काढले आहेत. पहिला, आंधळा कोपरा: एक रांग थेट भिंतीपर्यंत न्यायची, दुसरी तिच्या पोटाला टेकवायची आणि आतल्या अंधारात जे गेलं ते गेलं म्हणायचं. दुसरा, काटकोनात आत कापलेलं तोंड आणि त्यावर घडीचं दार. तिसरा, कोपरा सरळ छाटून टाकायचा आणि तिथे तिरकं, एकच दार लावायचं. मला हा तिसरा आवडतो. खालच्या ओट्यात तो पुढे उभं राहायची जागा जरा खातो, हे मान्य. पण भिंतीवरच्या कपाटात त्याला तोड नाही. आतलं सगळं एका नजरेत दिसतं आणि कुठलीही वस्तू काढायला खांद्यापर्यंत हात घालावा लागत नाही.

हे कपाट वरून पाहिलं तर पंचकोनी असतं. भिंतींना टेकलेल्या दोन बाजू समजा ६०० मिलिमीटरच्या, शेजारच्या कपाटांना चिकटलेल्या दोन ३०० च्या, आणि पाचवी तिरकी बाजू म्हणजे दार. शाळेतल्या भूमितीचा पुढे काय उपयोग, असं ज्यांना आयुष्यभर वाटत आलं त्यांनी इथे जरा थांबावं. पंचकोनाच्या आतल्या कोनांची बेरीज ५४० अंश. मागचे तीन काटकोन, त्यांत २७० गेले. उरलेले २७० पुढच्या दोन कोनांत सारखे वाटले की प्रत्येकी १३५. पायथागोरसला विचारलं तर तिरक्या तोंडाची रुंदी सुमारे ४२४ मिलिमीटर निघते. म्हणजे दार बेताच्या रुंदीचं, एका हाताला सहज आवरणारं. अडचण फक्त त्या १३५ ची.

बिजागरीच्या खोक्यावर कोन छापलेला असतो, आणि तिथेच माणसं फसतात. छापलेला कोन बहुतेक वेळा उघडण्याचा असतो: ९५, ११०, १६५, १७०. दार मिटल्यावर फळीशी कुठला कोन करतं, हा दुसरा कोन. नेहमीच्या बिजागरीत तो ९० गृहीतच धरलेला असल्यामुळे त्याचा उल्लेखही नसतो. आपलं दार १३५ अंशांत बसतं म्हणून १३५ लिहिलेली बिजागरी मागावी, तर तशी बिजागरी खरोखर मिळते. फक्त ती बहुधा घडीच्या दाराच्या दोन झडपा एकमेकींना जोडण्यासाठी असते आणि आपल्या तिरक्या दारावर तिचा काडीचा उपयोग नसतो. आपल्याला हवी असते ती ४५ अंशांची कोनी बिजागरी. हिशेब असा, की आतला कोन मोजायचा, त्यातून ९० वजा करायचे आणि उरेल तेवढ्या कोनाची बिजागरी घ्यायची. १३५ असेल तर ४५. १२० असेल तर ३०. काटकोनापेक्षा लहान, समजा ७५ भरला, तर उणे १५. आंधळ्या कोपऱ्यात मिटलेलं दार आणि ज्या पट्टीवर ते टांगलं आहे ती पट्टी एकाच रेषेत येतात, म्हणजे १८०. तिथे ९० अधिकची बिजागरी लागते, आणि तीही वेगळी मिळते. अधिक-उण्याच्या खुणांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात फळी आणि दाराचं छोटं चित्र असतं. आपलं कपाट त्या चित्रासारखं दिसतंय का, ते पाहावं.

साधी बिजागरीच लावली तर काय बिघडेल, असं पुष्कळांना वाटतं. बिघडतं ते मजेशीर असतं. ११० अंशांची साधी बिजागरी तिरक्या दाराला लावली, तर तिच्या दृष्टीनं दार मिटलेलं असतानाच ४५ अंश उघडं असतं. ते ४५ आधीच खर्च झाले. उरले ६५. तेवढ्यात दार अर्धवट उघडतं आणि आपण डोकं तिरकं करून आत बघतो. त्याहून वाईट म्हणजे तिची स्प्रिंग. स्प्रिंग दाराला ओढून घेते ती मिटण्याच्या शेवटच्या टप्प्यात, आणि आपलं दार त्या टप्प्यापर्यंत पोचतच नाही. ते फळीला टेकतं, पण धरून ठेवलं जात नाही. जरा धक्का लागला की भूत आल्यासारखं हळूच उघडतं. काही जण यावर १७० ची बिजागरी लावतात, म्हणजे ४५ जाऊनही १२५ उरतात, आणि दार धरून ठेवायला आत चुंबक बसवतात. चालतं. पण नाकतोड्याच्या पायासारखी दुमडत जाणारी ती अवजड बिजागरी कपाटात एवढी पुढे येते, की आतली फळी तिच्यासाठी कापावी लागते. दुसरी युक्ती पाचरीची. बिजागरी ज्या प्लेटनं बाजूच्या फळीला जोडलेली असते, तिच्याखाली तिरकी पाचर घालून कोन जुळवायचा. पाच अंशांसाठी तयार पाचरी मिळतात आणि त्या उत्तम चालतात. ४५ अंशांची लाकडी पाचर मात्र मला जुगाडच वाटतो. तिचे स्क्रू लांब, पकड कमी, आणि भार सगळा तिच्याच टोकावर.

तिरक्या दाराला खूप उघडण्याची गरजच नसते, हे या सगळ्यात बहुधा कुणी सांगत नाही. दाराचं तोंड आणि शेजारच्या कपाटाचं तोंड यांच्यात खोलीच्या बाजूनं पुन्हा १३५ अंशांचाच कोन असतो. म्हणजे दार तेवढं फिरलं की शेजाऱ्याच्या अंगावर जाऊन पडणार. त्यातून दाराची जाडी आणि दोन्हीकडच्या मुठी वजा केल्या, तर सुखानं फिरायला ११० च्या आसपास उरतात. म्हणून उघडण्याच्या कोनाला इथे ९५ किंवा ११० पुष्कळ झाले. १७० घेतली तर जास्तीचे पैसे देऊन शेजारच्या दारावर मुठीचा खळगा विकत घेतल्यासारखं होतं.

घडीच्या दाराला मात्र ती मोठी बिजागरी हवीच. तिथली पहिली झडप शेजारच्या कपाटाच्याच रेषेत असते आणि दुसरीला पोटाशी घेऊन तिला पूर्ण उलटं फिरायचं असतं. बाजूच्या फळीवर १६५ किंवा १७० ची आणि दोन झडपांच्या मध्ये घडीची, अशा दोन जातींच्या बिजागऱ्या एकाच दारात नांदतात. एकीचे स्क्रू जरा फिरवले की दुसरी रुसते. ज्यांच्याकडे धीर आहे त्यांनी घडीचं दार जरूर करावं.

आता मोजण्याबद्दल. कोन मोजायचा तो फळी आणि दार यांच्यातला, भिंतींमधला नाही. भिंतींचा काटकोन बऱ्याचदा खोटा असतो, पण कपाटाचा खोका गुण्या लावून नीट केलेला असेल तर भिंतीच्या खोटेपणाशी बिजागरीला काही देणंघेणं नसतं. तो दोष मागे, भिंत आणि खोका यांच्या फटीत झाकला जातो. कोनमापक हाताशी नसेल तर जाड पुठ्ठा खोक्याच्या कोपऱ्यात धरून त्यावर पेन्सिलीनं दोन्ही रेषा ओढाव्यात. चौकोनी कागदाची एक कड शेजारच्या कडेवर दुमडली की ४५ अंश तयार होतात. तो दुमडलेला कागद काटकोनाशेजारी ठेवून आपल्या रेषांवर जुळतो का, एवढं बघितलं तरी पुरतं. दोन-तीन अंशांचा फरक बिजागरी आणि पाचर मिळून सांभाळून घेतात. दहाचा घेत नाहीत.

मग येतात भोकं. दारात बिजागरीची वाटी, म्हणजे तिचं गोल टोक, बसतं ते भोक ३५ मिलिमीटर व्यासाचं, आणि बहुतेक कंपन्यांनी याबाबतीत एकमेकांशी भांडायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. भांडण उरलंय ते वाटीशेजारच्या दोन छोट्या स्क्रूंचं. कुणाच्या स्क्रूंमधलं अंतर ४५, कुणाचं ४८, कुणाचं ५२. जुनी बिजागरी काढून दुसऱ्या कंपनीची बसवायला गेलं की वाटी गपकन बसते आणि स्क्रू जुन्या भोकाच्या काठावर येऊन घसरतात. खोक्याच्या बाजूला प्लेट बसते. सरळ कपाटात तिची भोकं पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटर आत आणि एकमेकांपासून ३२ वर, ही दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत रुजलेली शिस्त आता दूरदूरच्या कपाटांत पाळली जाते. तिरक्या दारात मात्र हे ३७ हमखास लागू पडतील असं नाही. फळीची पुढची कड सरळ कापली आहे की तिरकी रंधली आहे, दार तिला किती झाकणार आहे, यावर प्लेट पुढे-मागे सरकते. प्रत्येक कोनी बिजागरीसोबत त्याचं कोष्टक असतं.

आणि तरीही चाचणी घ्यावीच. एका मुरलेल्या सुताराला मी विचारलं होतं, कोष्टकात माप दिलंय की, मग उरलेल्या तुकड्यांवर आधी का बसवता? त्यानं डोकंही वर केलं नाही. "कोष्टक छापणाऱ्यानं तुमची फळी पाहिलीय का?" त्यानं फळीचे दोन तुकडे १३५ अंशांत ठोकले, तिसऱ्या तुकड्याचं दार केलं, एक बिजागरी लावली आणि उघडमीट करून पाहिली. वितभर लाकूड आणि थोडा वेळ, बाकी काही नाही. खऱ्या दारात ३५ मिलिमीटरचं भोक चुकीच्या जागी पाडलं तर ते लपवायला जगात कुठलाही रंग नाही.

या चाचणीत आणखी एक गोष्ट कळते. साध्या दारात प्लेटचा स्क्रू सैल करून बिजागरी पुढे-मागे केली, की दार फक्त पुढे-मागे होतं. तिरक्या दारात बिजागरी सरकते फळीच्या रेषेत, आणि दार त्या रेषेला तिरकं असतं. त्यामुळे फट कमी करायला जावं तर दार बाजूलाही सरकतं, आणि बाजूचा स्क्रू फिरवला की फट बदलते. म्हणून एक स्क्रू, मग दुसरा, मग पुन्हा पहिला, असं थोडंथोडं करत जावं लागतं. उंचीचा स्क्रू बिचारा साधा. तो कुणाच्या अध्यात ना मध्यात.

दाराच्या कडांकडेही जाता जाता पाहून घ्यावं. १८ मिलिमीटर जाडीचं तिरकं दार शेजारच्या सरळ दाराजवळ येतं तेव्हा पुढच्या कडा एकमेकींच्या अंगावर येतात. एक तर दोघांत पट्टी सोडायची, नाही तर दोन्ही कडा साडेबावीस अंशांत रंधून घ्यायच्या. रंधलेल्या कडा दिसतात फार सुरेख, पण बिजागरीच्या बाजूची कड रंधली की वाटी कडेपासून किती आत घ्यायची ते माप नव्यानं काढावं लागतं. मी पट्टीच्या बाजूचा आहे. पट्टी मुठींनाही श्वास घ्यायला जागा देते.

हळू मिटण्याची सोय हवी असेल तर ती कोनी बिजागरीतच आहे की वेगळा दांडा लावावा लागतो, हे घेण्याआधी विचारून ठेवावं. साध्या बिजागऱ्यांत ती सर्रास असते, कोनी बिजागऱ्यांत कधी असते, कधी नसते. सगळी दारं सभ्यपणे मिटताहेत आणि कोपऱ्यातलं एकच धाडकन आदळतंय, असं झालं की घरातल्या प्रत्येकाला कोण कधी काय शोधायला उठलं त्याची बातमी कळते. संख्येचं म्हणाल तर साधारण ९०० मिलिमीटर उंचीपर्यंत दोन बिजागऱ्या पुरतात. दार त्याहून उंच किंवा काचेचं, जड असेल तर तिसरी लावावी. सिंकजवळचा कोपरा असेल तर स्टेनलेस स्टीलची घ्यावी, निकेलचा मुलामा वाफेपुढे फार वर्षं टिकत नाही.

आणि दोन लागणार असतील तर तीन घ्याव्यात. साधी बिजागरी कुठेही मिळते, कोनी बिजागरी मागवावी लागते, आणि तोवर कंपनीनं तिचा नंबर बदललेला असू शकतो. तिसरी पिशवीत घालून त्याच कपाटाच्या वरच्या फळीवर मागे ठेवावी आणि दाराच्या आतल्या बाजूला, वाटीच्या शेजारी, तिचा नंबर पेन्सिलीनं लिहून ठेवावा. पेननं नको, शाई पुसली जाते.