तुम्ही विचारलंत म्हणून: पोटरीवरचा बुद्ध

"ताई, ते परदेशी लोक अंगावर बुद्ध गोंदवून फिरतात. तुम्हाला राग येत नाही का?" दीक्षाभूमीवर भेटणारे विचारतात, यात्रेची चौकशी करायला फोन करणारे विचारतात, नात्यातलेही विचारतात. नागपूरहून श्रीलंकेला आणि थायलंडला धम्मयात्रा घेऊन जाणं हे माझं काम, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो.

सगळ्यांचा राग येत नाही. पायावर बुद्ध दिसला की मात्र पोटात कालवतं. आणि उत्तर देताना मला पहिल्यांदा आठवतो तो कुणी गोरा पर्यटक नाही, आपलाच एक मुलगा आठवतो. श्रीलंकेत उतरलं की परदेशी आपणही असतो, हे आपल्या लक्षातच येत नाही.

अनुराधपूरच्या वाटेवर होतो. मुलगा विशीतला, हाफ पँट घातलेली, पाय समोरच्या सीटवर टाकून झोपलेला. उजव्या पोटरीवर डोळे मिटलेल्या बुद्धाचा चेहरा, आणि त्याच्या खाली वीतभर अंतरावर धुळीची चप्पल. सिंहली ड्रायव्हरदादांनी आरशात पाहिलं. पुढं जरा सावली आली तशी त्यांनी बस बाजूला घेतली. आपल्या सीटमागून स्वतःचा धुतलेला पांढरा सारोंग, म्हणजे लुंगी, काढला, घडी नीट केली आणि दोन्ही हातांनी त्या मुलापुढे धरला. तोंडातून एक शब्द नाही. मुलगा गोंधळून माझ्याकडे बघत म्हणाला, "पण ताई, आपण तर बौद्धच ना?"

रात्री तो आपणहून बोलायला आला. म्हणाला, "गोंदणारा बोलला, पोटरीवर जागा मोठी आहे, चेहरा छान बसेल." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पहिल्या पगारातून गोंदवून घेतलं होतं त्यानं. पण तिकडे डोकं हा शरीराचा सर्वांत वरचा, मानाचा भाग आणि पाय सर्वांत खालचा. विहारात बसतानासुद्धा तळवे मूर्तीकडे होऊ देत नाहीत. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढला तरी लोक दुखावतात. ज्याला मूर्तीत शास्ता, म्हणजे साक्षात गुरू बुद्ध, दिसतो, त्याला पोटरीवरच्या चेहऱ्यातही शास्ताच दिसतो.

आणि हे दुखणं जुनं आहे. श्रीलंकेतलं कँडीचं राज्य ताब्यात घेताना १८१५ च्या कँडी करारात ब्रिटिशांनी बौद्ध धर्माला संरक्षण द्यायचं कबूल केलं होतं. तरीही वेसाकची, म्हणजे आपल्या बुद्धपौर्णिमेची, सरकारी सुट्टी मिळायला १८८५ साल उजाडलं. ज्या लोकांना आपल्या सणाच्या एका दिवसासाठी इतकं थांबावं लागलं, ते बाहेरच्याच्या अंगावरचा बुद्ध निरखून बघणारच. त्यांचा राग मला कळतो.

तरी २०१४ साली जे झालं ते मला पटलेलं नाही. एक ब्रिटिश बाई कोलंबोच्या विमानतळावर उतरली. दंडावर कमळात बसलेला बुद्ध गोंदलेला. तिला अटक झाली, कोठडीत ठेवलं आणि परत पाठवलं. ती स्वतः धम्म मानणारी, ध्यान शिबिरं केलेली होती. २०१७ मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयानं तिच्या हक्कांचा भंग झाल्याचं मान्य करून तिला आठ लाख श्रीलंकन रुपये देण्याचा आदेश दिला. तो निकाल वाचून मला खूप बरं वाटलं. दुखावलेल्या माणसानं सारोंग पुढं करणं वेगळं आणि बेडी पुढं करणं वेगळं.

माझ्या आजीच्या हातावर तुळस होती. लहानपणीच गोंदलेली, हिरवी, कडा पसरलेली. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिनं बाबासाहेबांसमोर बावीस प्रतिज्ञा घेतल्या. घरी येऊन देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले. हातावरची तुळस कुठं सोडणार? मरेपर्यंत ती तशीच राहिली. आजी म्हणायची, सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं. त्या तुळशीवरून तिच्या धम्माची परीक्षा कुणी घेतली नाही. म्हणून कुणाच्या कातडीवरून त्याचं मन ठरवायला मी धजत नाही.

थायलंडची गोष्ट आणखी निराळी, कारण तिथं गोंदण हीच एक उपासना आहे. त्याला साक यांत म्हणतात. नाखोन पाथोम प्रांतात वाट बांग फ्रा नावाचं विहार आहे, तिथं भिक्खू लांब सुईनं गोंदतात. फुलं, उदबत्ती अर्पण करायची आणि खाली बसायचं. पाठीवर खमेर लिपीतली पाली अक्षरं उमटत जातात, टकटक असा सुईचा आवाज येत राहतो. शेवटी भिक्खू मंत्र म्हणून त्यावर फुंकर घालतात. यात बहुतेक वेळा बुद्धाचं चित्र नसतंच. अक्षरं, आकृत्या, वाघ, हनुमान असतात. परदेशी लोकही रांगेत बसतात आणि भिक्खू त्यांना परत पाठवत नाहीत. त्याच देशात २०११ साली संस्कृती मंत्र्यांनी पर्यटकांच्या अंगावरच्या धार्मिक टॅटूंना आवर घालायची भाषा केली होती. बँकॉकमध्ये 'बुद्ध सजावटीसाठी नाही' असे मोठे फलकही लागलेले आहेत. मला यात विसंगती वाटत नाही. जो समोर बसून मागतो त्याला देतात. जो दुकानातल्या वहीतून चित्र निवडतो त्याच्याबद्दल त्यांना वाईट वाटतं, आणि मलाही वाटतं.

श्रीलंकेतल्या त्या प्रसंगानंतर दुसऱ्या दिवशी अनुराधपूरच्या रुवनवेलिसाय स्तूपाच्या पायथ्याशी आमच्या लोकांनी त्रिसरण सुरू केलं. शब्द तेच, पाली तीच, त्यामुळे आजूबाजूची पांढऱ्या कपड्यांतली माणसंही म्हणू लागली. ड्रायव्हरदादा आमच्यातच बसले होते. शेजारी तो मुलगा, त्यांचाच सारोंग नेसून, पाय मागं दुमडून.

आता यात्रेआधी मी प्रत्येकाला विचारूनच घेते, गोंदलेलं काही आहे का आणि कुठं. दंडावर असेल तर पूर्ण बाहीचे शर्ट घ्या. पोटरीवर असेल तर सुती पायजमे घ्या, दोन तरी घ्या. तिकडे पाऊस कधीही येतो आणि एक भिजला की दुसरा लागतो.